कुमारवाचक आणि कथनाचे भान

कथा आणि नाटक यांचे घटक कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे शालेय वयातच पाठ झालेले असते. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, संघर्ष, आशयसूत्र ही ती परिचित यादी. पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थीही बहुधा तीच सोबत आणतो आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांच्या हाती तीच देतो. यादीतील एकही नाव चुकीचे नाही. तरीही ती पाठ असलेला कुमारवाचक समोरच्या कथेविषयी क्वचितच काही नवे सांगू शकतो. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या यादीचे मूळ नाट्यविचारात आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले आणि कथानकाला तिचा आत्मा मानले. धनंजयाने ‘दशरूपका’त वस्तू, नेता आणि रस यांच्या आधारे रूपकप्रकारांतील भेद स्पष्ट केला. दोघांच्याही समोर प्रयोगरूप वाङ्मय होते. कथन करणे आणि प्रत्यक्ष कृतीतून दाखविणे हा अनुकरणाच्या रीतींमधील भेद ॲरिस्टॉटलने नोंदविला होता. परंतु शोकात्मिकेच्या सहा घटकांत निवेदकाला स्थान असण्याचे कारण नव्हते. नाटकासाठी सिद्ध झालेली ही मांडणी आपण कथेला लावली आणि ‘निवेदन’ हे एक जादा कलम तिच्या शेवटी जोडले. कथेत मात्र इतर सर्व घटक निवेदकाच्या हातून आपल्यापर्यंत येतात. त्यामुळे कथेच्या आकलनाचा आरंभ ‘काय घडले?’ या प्रश्नापेक्षा ‘कोण सांगत आहे, कोणाला आणि केव्हा?’ या प्रश्नाने व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली आणि १९३५ मध्ये प्रकाशित झालेली ‘श्यामची आई’ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आश्रमात मित्रांसमोर प्रौढ श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. बेचाळीस रात्री हे कथन चालते. येथे श्याम दोन आहेत. एक लहान, हट्टी, चुका करणारा. दुसरा त्या चुका सांगणारा. पोहायला जाण्याचे टाळून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे धाडते, हा प्रसंग घ्या. लहान श्यामला त्या क्षणी आई कठोर वाटते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ सांगणाऱ्या श्यामला उमगलेली आहे. प्रसंगाचा अर्थ या दोन जाणिवांमधील अंतरात आहे. आईच्या अंत्यसमयी श्याम तिच्याजवळ नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कथनाला पश्चात्तापाचा सूर का आहे, हेही ध्यानात येते.

निवेदकाकडे दुर्लक्ष केले की हे पुस्तक सद्गुणांच्या पाठांची माळ होऊन बसते. वर्गात ते बहुधा तसेच वाचले जाते. प्रत्येक रात्रीखाली तात्पर्य लिहून घेतले जाते. मूल त्याला कंटाळले, तर दोष त्याच्या अभिरुचीला देता येणार नाही. ज्या दुःखातून सांगणारा बोलतो, ते त्याला कोणी दाखविलेलेच नसते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटात वनमालाबाईंची आई साक्षात समोर येते आणि स्मरण हे वर्तमान होते. पुस्तक व चित्रपट शेजारी ठेवले, तर कथन आणि दर्शन यांतील भेद कुमारवाचकाला व्याख्येवाचून कळू शकेल.

नाटकात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात येतो. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले. त्यांनी आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी बालरंगभूमीला स्वतंत्र अस्तित्व मिळवून दिले. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली, २०१८ च्या पुनरुज्जीवित प्रयोगांत ती वैभव मांगले यांनी केली. हा पुरुष आहे हे ठाऊक असूनही मूल चेटकिणीला भिते आणि त्याच वेळी हसते. बालनाट्याच्या प्रयोगात पात्राच्या पाठीमागे संकट आले की प्रेक्षागृहातून मुले त्याला ओरडून सावध करतात. प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक नाही, हे नाट्याचे एक मूलतत्त्व त्या ओरडण्यात पूर्णपणे अवगत झालेले असते. निवेदक नसल्याने जाणण्याची आणि सांगण्याची जबाबदारी मूल आपल्याकडे घेते. शिक्षकाने या अनुभवाला केवळ नाव द्यावयाचे आहे.

कथन आणि नाट्य यांच्या सीमेवरचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला दूर शोधावे लागत नाही. येथील विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणारे लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग करीत आले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठवाड्यातील खेड्यातून लंडनला निघालेल्या वऱ्हाडातील बावन्न पात्रे ते एकटे उभी करीत. आवाज, चाल आणि बोलीतील बारीक फरक एवढ्यावर सांगणारा क्षणात पात्र होई आणि पुन्हा सांगणारा होई. पात्र कोठे संपले आणि निवेदक कोठे सुरू झाला, हे वर्गातील मुलांना ध्वनिमुद्रणावरून टिपायला सांगावे. संवाद आणि निवेदन हे घटक ती कानाने ओळखतील.

पात्रचित्रणाबाबतही यादी दिशाभूल करते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये केलेला सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद आपल्या वर्गांत गुणवत्तेची उतरंड झाला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका कथेतून दुसऱ्या कथेत जाताना फारसा बदलत नाही; त्याचे ‘टॉक्’ कायम असते. त्या स्थैर्यामुळेच वाचकाला त्याची ओळख पटते आणि नवलाईचा भार घटनांवर टाकता येतो. सपाटपणा येथे उणीव ठरत नाही.

सारांश, घटक हे कृतीतील परस्परसंबंध आहेत आणि ते संबंध बदलून पाहिल्यावरच कळतात. पोहण्याचा तोच प्रसंग मुलांनी आईच्या तोंडून लिहावा, नंतर त्याचा नाट्यप्रवेश करावा. प्रवेशात फटके दिसतील, रडणे ऐकू येईल. प्रौढ श्यामचा पश्चात्ताप मात्र कोणाच्या तोंडी घालावा, या प्रश्नाशी ती अडतील. त्या ठिकाणी शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये.