परिचयाच्या चार ओळी

दिवाळी अंक घरात आला की कोणी आधी कथा उघडतो, कोणी राशिभविष्य, तर कोणी व्यंगचित्रे पाहून अंक शेजाऱ्याकडे सरकवतो. प्रस्तुत लेखकाची खोड निराळी आहे. लेखकांच्या परिचयाच्या ओळी कोठे छापल्या असतील ते पान मी आधी शोधतो. कथा लिहिताना लेखक सावध असतो. परिचय लिहिताना तो बेसावध असतो, आणि म्हणून तेथे पुष्कळ खरे कळते. एखाद्याने अकरा पुरस्कारांची नावे दिलेली असतात, एखाद्याने केवळ गावाचे. परिचय हा वाङ्मयप्रकार आहे असे आपल्या टीकाकारांनी मानलेले नाही. परंतु जे लिहिताना माणसाला एवढा घाम फुटतो, ते वाङ्मय नाही असे तरी कसे म्हणावे?

यंदा या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. नोकरीच्या एका मेळाव्यासाठी तिला स्वतःचा अर्ध्या मिनिटाचा परिचय तयार करावयाचा होता. तोच मजकूर ती लिंक्डइनवरही घालणार होती. २००३ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेवर आज गावोगावचे तरुण स्वतःची पाटी लावून बसतात. लिहिलेला कागद घेऊन ती आमच्या घरी आली आणि म्हणाली, "सर, एवढं पाहून द्या ना जी."

मी कागद वाचला. त्यात लिहिले होते की, ही व्यक्ती मेहनती आहे, प्रामाणिक आहे, नव्या गोष्टी शिकण्यास उत्सुक आहे, चमूत मिळून काम करणारी आहे आणि आव्हाने स्वीकारणारी आहे. मुलगी हे सारे आहे, यात शंका नाही. पण नाव झाकले तर हा कागद माझ्या वर्गातून गेलेल्या कोणत्याही मुलाचा होऊ शकला असता. विशेषणे भाड्याच्या मांडवासारखी असतात. ज्याच्या दारी कार्य, त्याच्या दारी तो उभा राहतो. तिला मी तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "सगळे असंच लिहून राहिले ना जी." तिचे उत्तर खरे होते. म्हणूनच तिला उपदेश करण्याऐवजी मी जुन्या पुस्तकांकडे वळलो. स्वतःची ओळख करून देण्याची विद्या आपल्या विदर्भात निदान बाराशे वर्षे जुनी आहे.

भवभूती हा आठव्या शतकातला नाटककार. त्याची तीन नाटके उपलब्ध आहेत आणि ती तिन्ही कालप्रियनाथाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांसमोर, करावयाची म्हणून लिहिलेली. यात्रेतला प्रेक्षक म्हणजे चंचल माणूस. त्याला प्रथम सांगावे लागते की, बाबा रे, हे कोणाचे नाटक आहे. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत सूत्रधार ते सांगतो. दक्षिणापथात पद्मपूर नावाचे नगर. तेथे तैत्तिरीय शाखेचे, काश्यप गोत्राचे, उदुंबर नावाचे ब्राह्मण. त्या कुळात भट्ट गोपाळाचा नातू, नीलकंठ आणि जातूकर्णी यांचा पुत्र, श्रीकंठ ही उपाधी मिरवणारा कवी भवभूती. यापुढे सूत्रधार एक लहानशी गोष्ट सांगतो, आणि मला ती फार मोलाची वाटते. या कवीचा नटांशी स्वभावतःच स्नेह आहे आणि म्हणून त्याने आपली कृती आमच्या हाती दिली आहे. कूळ, गाव आणि विद्या सांगून झाल्यावर, 'तो आमचा स्नेही आहे' हे सांगण्याचे राहून गेले असते, तर तो परिचय केवळ ताम्रपट झाला असता. ओळख करून द्यायची ती कोणाशी तरी नाते जुळावे म्हणून, हे भवभूती विसरला नाही.

हा परिचय कवी स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, सूत्रधाराच्या तोंडून वदवतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. लिहिणारा तोच, पण बोलणारा दुसरा. त्यामुळे आत्मस्तुतीची धार थोडी बोथट होते. मात्र नाहीशी होत नाही! भवभूती काही विनयाचा पुतळा नव्हता. आपल्याला हिणवणाऱ्यांना तो त्याच प्रस्तावनेत बजावतो की, हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. माझ्या जातीचा रसिक आज नसला तरी पुढे केव्हा तरी, कोठे तरी निपजेल. परिचयात एवढा कडवटपणा असावा का? मला विचाराल तर, नसावा. यात्रेला आलेल्या साध्या माणसाने काय अपराध केला होता? पण हा दोष मान्य करूनही असे वाटते की, दुखावलेल्या माणसाचा खरा आवाज गुळगुळीत नम्रतेपेक्षा ऐकण्याजोगा असतो.

आता याच कवीचे उत्तररामचरित उघडून पाहावे. विद्वान हे नाटक सामान्यतः त्याचे अखेरचे मानतात. येथे परिचय आखूड झाला आहे. पद्मपूर गेले, आजोबा गेले, वडील नीलकंठही गेले. राहिले काय? गोत्र, उपाधी, शास्त्रांची जाण, स्वतःचे नाव आणि जातूकर्णीचा पुत्र ही ओळख. सीतेचे दुःख जेथे गायचे आहे, त्या नाटकाच्या दाराशी कवीने वडिलांना वगळून आईचे नाव ठेवले. हे त्याने हेतुपुरस्सर केले की ओघात झाले, हे कोण सांगणार? पण परिणाम आपल्यासमोर आहे. परिचय संक्षिप्त करताना माणूस काय टाकतो आणि काय टाकवत नाही, यातच त्याचे अंतःकरण दिसते.

गाव सांगितल्याचा आणखी एक लाभ झाला. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते पद्मपूर आमगावजवळ, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, असल्याचे प्रतिपादन केले. बाराशे वर्षांनंतर एखाद्याचा पत्ता शोधत जाता यावे, याहून परिचयाने अधिक काय करावयाचे?

याच्या नेमका उलट कालिदास. स्वतःविषयी त्याने जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. आईबाप नाहीत, गाव नाही, गुरू नाही. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत तर 'भासासारखे नामवंत सोडून या आजकालच्या कालिदासाचे नाटक कशाला?' अशा अर्थाचा प्रश्न पात्राच्या तोंडी घालून तो आपली ओळख करून देतो. थोरांच्या रांगेत आपण शेवटी उभे आहोत, हे तो स्वतःच दाखवतो. आणि मग जुने तेवढे चांगले हा समज खोडून काढतो. पत्ता नसल्यामुळे उज्जयिनी, काश्मीर, बंगाल, सारेच त्याला आपला म्हणतात. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, म्हणून आम्ही नागपूरकरही मागे नाही. त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय १९९७ सालापासून तेथे उभे आहे. पण हे मौन कालिदासालाच शोभते. ज्याचे काम त्याच्या आधी पोहोचलेले असते, त्याने गप्प राहावे. नोकरी शोधणाऱ्या मुलीला असे मौन परवडत नाही.

तेव्हा ज्यांच्यापाशी कूळ सांगण्याजोगे नव्हते, किंवा जगाने सांगू दिले नाही, त्यांनी काय केले, हे पाहणे अगत्याचे ठरते. परंपरा सांगते की, ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटली होती. त्या ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जी वंशावळ सांगितली आहे ती गुरूंची आहे: आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथांपर्यंत. शके १२१२, म्हणजे १२९० साल, गोदावरीचे तीर, यादव रामचंद्राचे राज्य, आणि ज्याने ग्रंथ उतरवून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचे नाव, एवढा तपशील तेथे येतो. कोणाकडून शिकलो, कोठे बसून काम केले आणि कोणाचा हात लागला, याहून स्वच्छ परिचय मला ठाऊक नाही.

संतांच्या अभंगांतली नाममुद्रा तर परिचयाचे सर्वांत लहान रूप होय. दोन-तीन शब्दांत माणूस उभा राहतो. एकनाथांनी आपले नाव गुरू जनार्दनांच्या नावाला कायमचे जोडून टाकले. जनाबाईने आपण नामदेवाघरची दासी असल्याचे लपवले नाही. तीच तिची मुद्रा झाली. गोरोबांनी आपल्या नावापुढे कुंभार हा धंदा लावला. आज आपण कामाच्या हुद्द्याला इंग्रजी मुलामा देतो. त्यांनी चिखल तसाच राहू दिला.

आणि अगदी जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर मलकापूरला जन्मलेल्या नारायण मुरलीधर गुप्ते यांचे. महाराष्ट्र त्यांना 'बी' या एकाच अक्षराने ओळखतो. मराठी कानाला तो शब्द बियाण्याचा वाटतो, आणि १९३४ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव 'फुलांची ओंजळ'! एका टोकाला पद्मपूरच्या कवीची सविस्तर वंशावळ, दुसऱ्या टोकाला मलकापूरच्या कवीचे एक अक्षर. आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या मातीत दोन्ही पिके आली.

या साऱ्यांच्या शेजारी आजचा मेळाव्यातला परिचय ठेवून पाहिला तर तो फिका का वाटतो? तो छोटा आहे म्हणून नव्हे. नाममुद्रा त्याहून कितीतरी छोटी आहे. तो स्वार्थासाठी आहे म्हणूनही नव्हे. भवभूतीलाही प्रेक्षक हवेच होते. तो फिका वाटतो, कारण त्यात नामे नाहीत, विशेषणेच आहेत. गाव नाही, गुरू नाही, हाताने केलेले काम नाही, आणि समोरच्याशी नाते जुळेल असा एक शब्द नाही. पलीकडे बसलेल्या माणसाचीही बाजू घेतली पाहिजे. दिवसभरात शंभर मुले त्याच्यापुढे उभी राहतात आणि शंभरही मेहनती व प्रामाणिक असतात. त्या बिचाऱ्याने कोणाला लक्षात ठेवावे, नि कशाच्या आधारे?

हे सारे त्या मुलीला मी आमच्या ओसरीवर सांगितले. मग आम्ही तिचा कागद पुन्हा लिहावयास घेतला. तिची आई पहाटे चार वाजता उठून तर्री-पोह्याचा ठेला लावते. मुलगी आठवीत असल्यापासून पोह्यांच्या पोत्याचा, चण्याचा, तेलाच्या डब्याचा, गॅसच्या टाकीचा आणि गिऱ्हाइकांच्या उधारीचा हिशेब वहीत ठेवत आली आहे. पुढे ती वाणिज्य शाखेची पदवीधर झाली आणि टॅलीवर हिशेब करण्यास शिकली. तिच्या कागदावर या वहीचा उल्लेखही नव्हता. मी म्हटले, "अग, हीच तर तुझी ओळख. नाव सांग, वहीचं सांग, शिक्षण सांग, आणि ज्यांचे हिशेब जुळत नाहीत त्यांच्याकडे काम हवं म्हणून सांग. चार ओळी पुरेत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठेल्याचं लिहिलं तर हसतील जी."

मी म्हटले, "भवभूतीनं आईचं नाव घातलंच ना?"

"त्याची आई ठेला नव्हती लावत, सर."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. संस्कृत नाटकांच्या प्रस्तावनांत ते सापडणारही नव्हते. मी गोरोबांचे नाव काढणार, एवढ्यात तिने फळीवरची माझीच एक कादंबरी उचलली, मलपृष्ठ वाचले आणि अगदी निर्मळपणे विचारले, "सर, यात तुमचं शिक्षण काऊन नाही लिहिलं?"

वाचकहो, तेथे लिहिले आहे: 'शिक्षणक्षेत्रात कार्यरत.' वाक्य खोटे नाही. एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना मी शिकवतो. पण ते वाक्य मी का निवडले, हे मला ठाऊक आहे. घरच्या अडचणीमुळे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले, आणि सभासंमेलनांत आजूबाजूला पदव्यांच्या रांगा दिसतात. विशेषणांच्या मांडवाला हसणारा मी, स्वतः एका धूसर शब्दाआड कित्येक वर्षे उभा होतो. दुसऱ्याच्या परिचयाची चिकित्सा सोपी असते. आपल्या परिचयातली गाळलेली ओळ तेवढी दिसत नाही.

मी तिला खरे ते सांगितले. ती हसली नाही. तिने पेन घेतले, ठेल्याची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि शिसपेन्सिलीने तिच्याभोवती कंस घातला. म्हणाली, "तिथं जाऊन पाहते. बोलू वाटलं तर बोलीन." मला ते योग्य वाटले. कोणती ओळ कोणापुढे उघडावी, हा हक्क शेवटी ज्याचा परिचय त्याचाच असतो. टीकाकाराने एवढेच पाहावे की, ती ओळ निदान कागदावर तरी असावी.

संपादकांनी या लेखासोबत माझा परिचय मागितला आहे. तो असा छापावा: राहणार नागपूर. शिक्षण मॅट्रिक. लहान मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. जे थोडेफार वाचता आले ते ग्रंथालयांच्या कृपेने, आणि या लेखातला अखेरचा धडा एका विद्यार्थिनीकडून.