व्हिडिओ खेळ, भूमिकाप्रधान : खेळाडूची निवड व कथेचा शेवट

संगणकाच्या वा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या ज्या खेळांत खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो आणि त्या पात्राच्या नावाने बोलतो, लढतो, मैत्री करतो व निर्णय घेतो, त्यांस भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळ म्हणतात. यांपैकी कथेला प्राधान्य देणाऱ्या अनेक खेळांत कथेचा शेवट एकच नसतो. खेळाडूने वाटेत केलेल्या निवडींनुसार तो बदलतो. कादंबरीचा वा नाटकाचा शेवट लेखकाच्या स्वाधीन असतो. येथे तो लेखक व खेळाडू या दोघांत विभागला जातो. ही विभागणी कोणत्या तत्त्वावर करावी, हा या कलाप्रकारातील मूलभूत प्रश्न होय. शेवटांची संख्या ही त्याची केवळ बाह्य बाजू आहे. आचरण आणि फळ यांचा संबंध खेळ कसा जोडतो, यावरच त्याचे कलात्मक व नैतिक मूल्य अवलंबून असते.

पूर्वपीठिका : या खेळांचे मूळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन बैठ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक सूत्रधार कथा सांगतो, इतर खेळाडू आपापल्या पात्रांच्या कृती सांगतात व अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो. सूत्रधार माणूस असल्याने खेळाडूने अनपेक्षित मार्ग धरला, तरी कथा त्या दिशेला वळविता येते. संगणकात हा सूत्रधार नसतो. जे आधी लिहून ठेवले असेल तेवढेच तो दाखवू शकतो. त्यामुळे जिवंत सूत्रधाराची लवचिकता पूर्वलिखित मजकुरातून कशी साधावी, ही अडचण या खेळांच्या जन्मापासूनच त्यांच्याबरोबर आहे.

रचनेची मर्यादा : प्रत्येक निवडीला दोनच पर्याय ठेवले आणि कोणतीही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर दहा निवडींनंतर १,०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील, वीस निवडींनंतर ही संख्या दहा लाखांवर जाईल. कोणत्याही निर्मितिसंस्थेला हे शक्य नाही. म्हणून कथेच्या शाखा काही अंतर वेगळ्या चालवून पुन्हा मुख्य प्रवाहात आणल्या जातात आणि निवडींची नोंद मात्र जपून ठेवली जाते. ही नोंद शेवटी कशी वापरली जाते, यावरून काही प्रमुख पद्धती ओळखता येतात.

आचरणाची मोजदाद : रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ (१९८५) हा खेळ या बाबतीत मार्गदर्शक ठरला. त्यात पराभूत करावयाचा कोणी प्रमुख खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता व नम्रता हे आठ सद्‌गुण अंगी बाणविणे हेच खेळाडूचे साध्य आहे. वनौषधी विकणाऱ्या आंधळ्या दुकानदाराला खेळाडू कमी पैसे देऊ शकतो. त्या वेळी कोणी त्याला अडवीत नाही, परंतु खेळ त्याची मूक नोंद ठेवतो. भिकाऱ्याला दिलेले दानही असेच नोंदले जाते. ‘अवतार’ या संस्कृत शब्दाचा अर्थ येथे जवळजवळ उलटा झाला आहे : देव खाली उतरण्याऐवजी माणूस आचरणाने वर चढतो. या खेळाचा यशस्वी शेवट एकच आहे, परंतु त्याचा अधिकार खेळाडूला आचरणाने मिळवावा लागतो.

पुढील काळात ही मोजदाद उघड झाली. बायोवेअर या कॅनडातील संस्थेच्या ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) या खेळात पात्र प्रकाशाच्या बाजूला झुकले की अंधाराच्या, हे खेळाडूला पडद्यावर दिसते. गुण दिसू लागले की खेळाडू ते साठवू लागतो आणि सत्कृत्य हा पुण्याच्या गणतीचा व्यवहार बनतो. ‘अल्टिमा ४’ मध्येही हिशेब आहेच. तथापि तेथे तो झाकलेला असल्याने दुकानदाराला फसविण्याचा क्षण खरा मोह म्हणून जाणवतो. लपविलेला हिशेब विवेकाला आवाहन करतो, उघडा हिशेब चातुर्याला.

उपसंहारांची मालिका : इंटरप्ले या अमेरिकन संस्थेच्या ‘फॉलआउट’ (१९९७) या खेळाची कथा अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात घडते. भूमिगत आश्रयस्थानातील जलशुद्धीकरण यंत्रणेचा बिघडलेला भाग बदलण्यासाठी नायक बाहेर पडतो. शेवटी त्याने भेट दिलेल्या वस्त्यांचे पुढे काय झाले, हे स्थिरचित्रे व निवेदन यांच्या द्वारा एकेक करून सांगितले जाते. एका शेवटाऐवजी अनेक लहान उपसंहार जोडण्याची ही युक्ती काटकसरीची तर आहेच, शिवाय अर्थपूर्णही आहे. कारण निवडीचे फळ नायकाला नव्हे, तर इतरांना भोगावे लागते, हे तीतून दिसते. ज्याने आपल्या लोकांना वाचविले, त्या नायकाला मात्र मुख्य शेवटात आश्रयस्थानाचा प्रमुख परत घेत नाही. बाहेरच्या जगाने तो बदलला आहे, हे त्याचे कारण. गावांचे भवितव्य खेळाडूच्या हाती देऊन नायकाचे एकाकीपण लेखकांनी आपल्याकडे राखले आहे. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) या खेळातही अंतिम संघर्ष शस्त्राने वा केवळ संवादाने मिटविता येतो, परंतु पूर्वायुष्यातील पातकांचे प्रायश्चित्त स्मृती गमावलेल्या नायकाला सहसा टळत नाही. काही गोष्टी निवडीच्या पलीकडे ठेवल्याने निवडीचे मोल कमी होत नाही, हे या दोन्ही खेळांवरून दिसून येते.

अंतिम क्षणीची निवड : बायोवेअरच्याच ‘मास इफेक्ट’ या त्रिखंडात्मक खेळात (२००७, २०१०, २०१२) एका खंडातील निर्णय पुढील खंडात नेण्याची सोय होती. दुसऱ्या खंडाच्या अखेरच्या मोहिमेत कोणते साथीदार जगतील, हे त्यांच्याशी जोडलेले संबंध, जहाजाची केलेली तयारी व त्या त्या कामासाठी केलेली माणसांची निवड यांवर ठरते. नायकाचाही मृत्यू होऊ शकतो. हा शेवट आधीच्या आचरणातून स्वाभाविकपणे उगवतो. तिसऱ्या खंडात मात्र तीन खंडांची वाटचाल अखेरीस प्रामुख्याने तीन पर्यायांपाशी येऊन थांबली : शत्रूचा विनाश, त्याच्यावर नियंत्रण किंवा सजीव व यंत्र यांचे एकीकरण. आधीच्या निर्णयांतून जमलेल्या युद्धसामर्थ्यावर पर्यायांची उपलब्धता व त्यांचे परिणाम काही अंशी अवलंबून होते, तथापि दृश्य फरक फारच थोडा होता. खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य देण्यात आला. या वादात खेळाडूंना केवळ सुखान्त हवा होता, असा एक आक्षेप घेतला गेला. तो वरवरचा आहे. शेवट म्हणजे आधीच्या घटनांतून अटळपणे वा संभवनीयतेने येणारी गोष्ट, असे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले होते. तिसऱ्या खंडाचा शेवट अखेरच्या काही मिनिटांत नव्याने मांडलेल्या प्रश्नातून आला. खरा दोष तोच.

नकळत झालेली निवड : पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ (२०१५) हा खेळ आंद्रे सापकोवस्की यांच्या कथासृष्टीवर आधारलेला आहे. त्यात सिरी या मानसकन्येचे भवितव्य नायक गेराल्ट तिच्याशी कसा वागतो, यावर ठरते. ती खचली असता तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकून खेळणे, सत्तावान स्त्रियांच्या भेटीला तिला एकटीला जाऊ देणे, तिच्या मृत मित्राच्या कबरीपर्यंत सोबत करणे, असे हे प्रसंग वरकरणी किरकोळ आहेत. त्यांत पालकाने तिच्यावर विश्वास दाखविला, तर ती अखेरच्या संकटातून परतते. वारंवार अविश्वास दाखविला, तर ती परतत नाही. मोठ्या राजकीय निर्णयांपेक्षा घरगुती वागणुकीला अधिक वजन देणारी ही योजना पालकत्वाचे मर्म नेमके पकडते. मात्र पहिल्यांदाच खेळणाऱ्याला कोणता प्रसंग निर्णायक आहे हे कळत नाही, त्यामुळे ही शिक्षा अन्याय्य वाटण्याचा संभव असतो.

मागे फिरण्याची सोय : नाटकातील कृती परत घेता येत नाही, खेळात मात्र साठवून ठेवलेल्या स्थितीकडे परतून निर्णय बदलता येतो. या सोयीमुळे कोणतीही निवड कच्ची राहते. अमेरिकन रचनाकार टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ (२०१५) या खेळाने याच सोयीला कथेचा विषय बनविले. कोणालाही न मारता हा खेळ पूर्ण करता येतो आणि सर्वांना शोधून मारूनही. एखाद्याला मारून खेळाडू मागे फिरला व त्याने त्या पात्राला जीवदान दिले, तरी खेळातील एक पात्र त्या पहिल्या कृत्याची आठवण करून देते. संपूर्ण संहारानंतर जग पुन्हा उभे करण्यासाठी खेळाडूला आपला आत्मा द्यावा लागतो आणि पुढे मिळणाऱ्या शांततामय शेवटावरही त्या कृत्याची छाया पडते.

मूल्यमापन : भारतीय नाट्यशास्त्रात आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती व फलागम या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. फलागम हा आधीच्या यत्नाचाच असतो, ही त्यातील दृष्टी भूमिकाप्रधान खेळांनाही लागू पडते. एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) हा खेळ याचे चांगले उदाहरण आहे. त्यातील खुनाचा उलगडा प्रत्येक वेळी तोच होतो. परंतु अखेरीस स्मृती गमावलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या वागणुकीचा त्याचे सहकारी जाब घेतात आणि तो पुन्हा आपल्यात यावा का, याचा विचार करतात. घटना बदलत नाही, तिच्यातून गेलेला माणूस बदलतो. उलट, दहाहून अधिक शेवट असलेल्या ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) या जपानी खेळात अंतिम शत्रूला केव्हा हरविले, यावर प्रामुख्याने शेवट ठरतो. हे वैविध्य रंजक असले, तरी त्यात आचरणाची कसोटी लागत नाही.

संपूर्ण स्वातंत्र्य हे या कलाप्रकाराचे ध्येय मानले, तर प्रत्येक खेळ अपुराच ठरेल. कारण सर्वांत मोकळा शेवटही कोणीतरी आधी लिहिलेला असतो. तथापि आंधळ्या दुकानदाराला कमी पैसे देणारा हात खेळाडूचा असतो. प्रेक्षक रंगभूमीवरील पात्राला दोष देऊन घरी जाऊ शकतो. खेळाडूला ती मुभा नाही. जबाबदारीची ही जाणीव जो शेवट जागी करतो, तो एकुलता एक असला तरी पुरेसा आहे. जो ती करीत नाही, त्याचे असंख्य पर्यायही कथेला तारू शकत नाहीत.