भाडोत्री तलवारीचे चरित्र : ग्योट्स आणि पोलमन

दुर्गदबैलातून खरेदी करून परतताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते, की या नावातला 'बैल' हा आपला बैल नसून कन्नड 'बयलु', म्हणजे मोकळे मैदान, आहे? दुर्ग गेला, मैदानही दुकानांनी भरले. शब्द तेवढा उरला. गेलेल्या वस्तूला शब्द जिवंत ठेवतो आणि पुष्कळदा ती होती त्याहून मोठी करून दाखवतो. ग्योट्स फॉन बेर्लिशिंगेन या जर्मन सरदाराचे असेच झाले.

ग्योट्स 1480 च्या सुमारास जन्मला. 1504 साली लांडशूटच्या वेढ्यात त्याचा उजवा हात तोफेच्या माऱ्याने गेला. त्याजागी त्याने बोटे मिटता-उघडता येतील असा लोखंडी हात करवून घेतला आणि लढणे चालूच ठेवले. कुणासाठी? जो पैसे देईल त्याच्यासाठी, आणि कुणी देईना तेव्हा स्वतःसाठी. न्युरेंबर्गच्या व्यापाऱ्यांचा तांडा लुटल्याबद्दल 1512 साली सम्राट माक्सिमिलियनने त्याला बहिष्कृत केले. 1525 च्या शेतकरी बंडात तो बंडवाल्यांचा पुढारी झाला आणि निर्णायक लढाईआधी निसटला. उतारवयात त्याने आत्मवृत्त रचले. ते छापले गेले 1731 साली. त्यावरून तरुण गटेने लिहिलेले नाटक 1773 साली प्रसिद्ध झाले.

नाटकातला ग्योट्स बंडानंतर लवकरच, कैदेत, स्वातंत्र्याचे नाव घेत प्राण सोडतो. खरा ग्योट्स त्यानंतर सदतीस वर्षे जगला. त्यांतली दहा वर्षे आपल्याच गढीत स्थानबद्ध होता, 1542 साली पाचव्या चार्ल्ससाठी तुर्कांवर चालून गेला आणि 1562 साली हॉर्नबर्गच्या गढीत वारला. ही सदतीस वर्षे गटेला अडचणीची होती. ऐंशी वर्षांचा म्हातारा शोकनायक होत नाही. मला हा नाटकाचा सर्वांत मोठा दोष वाटतो, आणि त्याचे सारे बळही त्यातच आहे.

हे नाटक 1799 साली इंग्रजीत आणले वॉल्टर स्कॉटने. पुढे त्याच्या कादंबऱ्यांनी जी रीत घालून दिली, ती हरिभाऊ आपट्यांपर्यंत पोचली. म्हणजे 'उषःकाल'च्या वंशावळीत, दूरचा का होईना, हा लोखंडी हाताचा पूर्वज बसतो.

आता आपल्या इतिहासातला जर्मन पाहा. अँथनी पोलमन हनोव्हरचा. तिथल्या पलटणीत सार्जंट म्हणून तो हिंदुस्थानात आला, द ब्वान्यने उभारलेल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला आणि चढत गेला. समकालीनांनी त्याचे चित्र रंगवले आहे : हत्तीवरून फिरणारा, जनानखाना बाळगणारा, भोवती जांभळ्या झग्यांतले मोगल रक्षक. ऑगस्ट 1803 मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी शिंद्यांच्या गोऱ्या अंमलदारांना वेतनाचे आमिष दाखवले. अनेक जण निघून गेले. सप्टेंबरात खुद्द पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पोलमन राहिला. 23 सप्टेंबरला असईला वेलस्लीने खेळणा नदी अनपेक्षित जागी ओलांडून बगल गाठली, तेव्हा पोलमनने पायदळाची सगळी फळी तोफांसह काटकोनात फिरवली. हे या फौजेला जमेल असे वेलस्लीला वाटले नव्हते. इंग्रजांकडची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. आपले गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. लढाई हरली. पुढे पोलमन कंपनीच्याच चाकरीत शिरला.

गटे असता तर त्याने पडदा असईलाच पाडला असता. आपली कथने उलट करतात. सारा पराभव 'फिरंग्यांची दगाबाजी' एवढ्यात उरकतात. पेराँबद्दल ते चालेल. पोलमनला ते माप पुरत नाही.

शिवाय 'भाडोत्री' म्हणताना आपली जीभ थोडी अडखळायला हवी. 1790-91 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते. त्या छावणीत पोटासाठी आलेले शिलेदार होते, बारगीर होते, कारकून होते. आणि मुंबईकर इंग्रजांची तुकडी त्यांच्याच बाजूने लढत होती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मूळपुरुषाची गोष्ट याच काळापासून सुरू होते. त्याच्या कामाला आपण 'चाकरी' म्हणतो, पोलमनच्या कामाला 'भाडे'. 1818 नंतर त्याच मूळपुरुषाच्या मुलानातवंडांनी कंपनीच्या कचेरीत लेखणी धरली, तीही आपण मानाने सांगतो. पोलमनने तेच केले, पंधराएक वर्षे आधी.

त्याच्यावर मराठीत कुणी कादंबरी लिहायला घेतली, तर असईनंतरचे प्रकरण तेवढे गाळू नये.