मोनोरेल : वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ

ध्वनी हा काव्याचा आत्मा होय, हे आनंदवर्धनाचे प्रतिपादन साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. परंतु ध्वन्यालोकाच्या पहिल्याच उद्योतात तो आणखी एक गोष्ट सांगतो व तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ज्याला प्रकाश हवा असतो तो दीपशिखेची काळजी घेतो; तद्वत् ज्याला व्यंग्यार्थाची अपेक्षा आहे त्याने वाच्यार्थाविषयी यत्नशील राहिले पाहिजे, असा त्याचा दृष्टांत आहे. वास्तू, रस्ते आणि वाहने यांनाही एक प्रकारची भाषा मानून त्यांचा अर्थ लावण्याची पद्धती आता नगररचनेच्या समीक्षेत रूढ झाली आहे. या पद्धतीने पुष्कळ लाभ झाला, हे निर्विवाद. तथापि तिचा अवलंब करणारे अभ्यासक वाहनाच्या व्यंग्यार्थावर जितके लिहितात तितके त्याच्या वाच्यार्थावर लिहीत नाहीत. माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप व वेळेवर नेणे हा वाहनाचा वाच्यार्थ होय. तो क्षीण झाल्यावर व्यंग्यार्थाचे काय होते, हा प्रश्न अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहरानजीक वसलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक-नगराच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

१

मोनोरेल ही डिस्नेची निर्मिती नव्हे. काँक्रीटच्या एकाच तुळईवर रबरी चाकांनी बसून धावणाऱ्या गाडीची जी पद्धती आज सर्वत्र दिसते, ती स्वीडिश उद्योगपती आक्सेल लेनार्ट वेनर-ग्रेन याच्या आल्वेग कंपनीने जर्मनीत कोलोन शहराजवळ विकसित केली. कंपनीचे नावही त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून सिद्ध झाले आहे. तिच्या साहाय्याने वॉल्ट डिस्ने याने कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड उद्यानात १४ जून १९५९ रोजी मोनोरेल सुरू केली. आरंभी ती उद्यानातल्या उद्यानातच फिरत असे. १९६१ मध्ये ती उद्यानाबाहेरच्या हॉटेलापर्यंत नेण्यात आली. हा विस्तार अंतराने लहान असला तरी अर्थाने मोठा होता, कारण त्यायोगे खेळण्याचे वाहन झाले. पुढे सिएटल येथे १९६२ साली आणि टोकियोत १९६४ साली याच पद्धतीच्या गाड्या धावू लागल्या. १९६३ मध्ये आल्वेगने लॉस एंजेलिसला स्वखर्चाने असे जाळे बांधून देण्याचा प्रस्ताव मांडला होता, परंतु तेथील अधिकाऱ्यांनी तो नाकारला. या काळात मोनोरेल या शब्दाचा व्यंग्यार्थ 'उद्याचे शहर' हा होता आणि त्याला वाच्यार्थाचा भक्कम आधार होता. गाडी खरोखरच कोठेतरी नेत होती, व आणखी दूर नेईल असे मानण्यास जागा होती.

२

१९६६ च्या ऑक्टोबरात डिस्नेने आपल्या फ्लोरिडातील योजनेचा परिचय करून देणारा एक लघुपट चित्रित केला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १५ डिसेंबर १९६६ रोजी, त्याचा मृत्यू झाला. या लघुपटाचे परिशीलन केल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यातील नगराची संपूर्ण रचना वाहतुकीच्या कल्पनेतून निघालेली आहे. वीस हजार वस्तीचे वर्तुळाकार नगर, मध्यभागी आच्छादित व्यापारपेठ, नगराच्या मध्यातून जाणारी व दूरच्या पल्ल्यासाठी योजलेली मोनोरेल, घरापासून मध्यापर्यंत नेणारी व कोठेही न थांबणारी 'पीपलमूव्हर' ही लहान गाडी, मोटारी व मालगाड्या जमिनीखालच्या मजल्यांवर, आणि वरचा भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा, असे त्याचे स्वरूप होते. नगराचे रहिवासी तेथेच काम करणार होते आणि कामावर जाताना त्यांना मोटारीची गरज पडणार नव्हती. या नगराला जे नाव दिले त्याचा अर्थ 'उद्याच्या समाजाचा प्रायोगिक आदिनमुना' असा होतो. त्याच्या आद्याक्षरांपासून 'एप्कॉट' हा शब्द बनला.

ही योजना साध्य होती किंवा इष्ट होती, असा येथे दावा नाही. एका कंपनीच्या इच्छेने चालणाऱ्या नगरात नागरिकत्वाचे स्वरूप काय राहिले असते, ही शंका रास्तच आहे. परंतु योजनेच्या नावाखाली जे अधिकार मागितले गेले ते मात्र मिळाले. १९६७ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने रीडी क्रीक सुधारणा जिल्हा स्थापन केला. सुमारे २७,००० एकर भूमीवर रस्ते, जलनिःसारण, बांधकामाचे नियम, कर्जरोखे, एवढेच काय पण विमानतळ उभारण्याचेही अधिकार त्याला देण्यात आले. भूमी प्रायः एकाच मालकाची. जिल्ह्याचे शासन व्यवहारतः त्याच मालकाच्या हाती. ही व्यवस्था २०२३ पर्यंत चालली. त्या वर्षी राज्यशासनाने जिल्ह्याची पुनर्रचना करून त्याचे मंडळ आपल्या नियंत्रणाखाली आणले. शहरांच्या वाहतुकीचे नियोजन का फसते याची जी कारणे नित्य दिली जातात, म्हणजे भूसंपादनाचे तंटे, बहुमालकी, सत्तांतरे, परस्परविरोधी खाती, त्यांपैकी एकही कारण या भूमीवर अर्धशतकाहून अधिक काळ लागू नव्हते. म्हणूनच या उदाहरणाचे महत्त्व करमणुकीच्या क्षेत्रापुरते मर्यादित राहत नाही.

३

१ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा मोनोरेल तेथे होती. कृत्रिम सरोवराभोवती दोन तुळया टाकल्या होत्या, आणि गाडी 'कंटेंपररी' हॉटेलाच्या विशाल दालनातून आरपार जात असे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी 'एप्कॉट सेंटर' उघडले व तेथवर मार्ग वाढविण्यात आला. ज्या नावाने वस्तीचे नगर व्हायचे होते, ते नाव आता एका प्रदर्शन-उद्यानाला मिळाले होते. १९८८ मध्ये 'ग्रँड फ्लोरिडियन' हॉटेलासाठी जुन्याच मार्गावर एक स्थानक वाढले. त्यानंतर तुळई पुढे सरकली नाही. १९८९ साली तिसरे आणि १९९८ साली चौथे उद्यान उघडले; दोहोंपैकी एकालाही मोनोरेल पोचत नाही. कंपनीच्या वीसहून अधिक हॉटेलांपैकी ती केवळ तीन हॉटेलांना स्पर्श करते, आणि ही तिन्ही वरच्या दराच्या वर्गातील आहेत.

अधिक सूक्ष्मपणे पाहिले तर मोनोरेलचे मुख्य कार्य काय ठरले? पहिल्या उद्यानाचा विस्तीर्ण वाहनतळ सरोवराच्या अलीकडे आहे व प्रवेशद्वार पलीकडे. मोटारीने येणारा पाहुणा मोटार ठेवून मोनोरेलने अथवा नावेने द्वाराशी पोचतो. मोटारीला पर्याय म्हणून कल्पिलेले वाहन मोटारींच्या तळाचे शेपूट होऊन बसले. अन्यत्र सारी भिस्त बसगाड्यांवर राहिली. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बसने जायचे तर पाहुण्याला सहसा आधी एखाद्या उद्यानात जाऊन तेथे गाडी बदलावी लागते. सत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या घर ते काम या प्रवासाशी तर मोनोरेलचा संबंधच उरला नाही. १९६६ च्या योजनेत हा प्रवासच केंद्रस्थानी होता, हे येथे स्मरणीय आहे.

बाह्य जगाशी जोडणीच्या बाबतीतही हेच चित्र दिसते. विमानतळावरून हॉटेलाच्या पाहुण्यांना विनामूल्य आणणारी, २००५ साली सुरू झालेली बससेवा २०२२ च्या प्रारंभी बंद झाली. 'ब्राइटलाइन' या खासगी रेल्वेचे एक स्थानक डिस्नेच्या भूमीवर करण्याचे २०२० मध्ये घोषित झाले होते. रेल्वेच्या मार्गाची आखणी बदलल्यावर, २०२२ मध्ये, कंपनीने त्यातून अंग काढून घेतले.

४

आता वृद्धत्वाचा प्रश्न. १९७१ च्या गाड्यांनी सुमारे दोन दशके सेवा केली. त्यांच्या जागी १९८९ ते १९९१ या काळात बॉम्बार्डियर कंपनीने बांधलेल्या बारा नव्या गाड्या आल्या, आणि आज तीन दशके उलटून गेल्यावरही त्याच धावत आहेत. त्यांचे वयोमान पूर्वीच्या गाड्यांच्या दीडपटीहून अधिक झाले आहे. दरम्यान बॉम्बार्डियरचा रेल्वे-विभागच २०२१ साली आल्स्टॉम कंपनीत विलीन झाला. तुळईवर बसणाऱ्या गाडीच्या काही अंगभूत अडचणी आहेत. रुळाचा सांधा बदलणे तुलनेने सोपे असते. येथे काँक्रीट-पोलादाची जड तुळई सरकवावी लागते, म्हणून फाटे फोडणे खर्चाचे होते. गाडी मध्येच थांबली तर प्रवाशांना उतरून चालत जायला बाजूला मार्ग नसतो. ओढून नेणाऱ्या इंजिनाची अथवा अग्निशामक दलाच्या शिडीची वाट पाहावी लागते.

५ जुलै २००९ च्या रात्री एक गाडी सांधा बदललेला नसतानाच मागे घेतली गेली व स्थानकात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली. उभ्या गाडीचा एकवीस वर्षांचा चालक मृत्युमुखी पडला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत सांधा योग्य स्थितीत न आणणे व तो पडताळून न पाहता गाडी मागे घेण्याची अनुज्ञा देणे ही कारणे नमूद झाली. गाडी मागे घेण्यासंबंधी प्रमाणित कार्यपद्धतीचा अभाव हेही एक कारण मानले गेले. तेथील गाड्यांना रंगांची नावे असतात. या अपघातात सापडलेल्या गाड्यांची 'गुलाबी' आणि 'जांभळी' ही नावे पुन्हा वापरली गेली नाहीत. शाबूत डबे घेऊन नव्या नावांच्या गाड्या जुळविण्यात आल्या. नाव गाळून स्मृती पुसण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

दुसरे एक उदाहरण अधिक बोलके आहे. गाडी सुटण्यापूर्वी दारांपासून दूर उभे राहण्याची सूचना इंग्रजी व स्पॅनिश भाषांत ध्वनिमुद्रणातून दिली जाते. ही स्पॅनिश सूचना पाहुण्यांत इतकी लोकप्रिय झाली की ती छापलेले सदरे विकले जाऊ लागले. आज्ञार्थी वाक्याचे प्रयोजन श्रोत्याकडून कृती घडविणे हे असते. येथे त्याचे स्मृतिचिन्ह झाले. २०१८ च्या जानेवारीत मात्र एक गाडी दार उघडे असतानाच धावत असल्याचे प्रवाशाने टिपलेले चित्रण सर्वत्र प्रसिद्ध झाले. सूचनेचे शब्द सदऱ्यावर सुरक्षित होते. ज्या दाराविषयी ती सूचना होती ते दार सुरक्षित नव्हते.

५

कंपनीच्या बाजूनेही काही म्हणता येते व ते ऐकून घेतले पाहिजे. तुळईच्या प्रत्येक मैलाचा खर्च प्रचंड असतो. बस हवी तेथे वळविता येते, गर्दीप्रमाणे वाढविता येते. व्यापारी संस्थेने तोट्याचा विस्तार करावा, असे कोणी म्हणणार नाही. हा युक्तिवाद मोनोरेल न वाढविण्याचे समर्थन करतो, आणि तेवढ्यापुरता तो मान्य होण्यासारखा आहे. परंतु नियोजन न करण्याचे समर्थन त्यातून होत नाही. हॉटेले व उद्याने आधी मोकळ्या जागेनुसार मांडायची आणि मग त्यांना बसच्या फेऱ्यांनी शिवायचे, ही योजना नव्हे, डागडुजी होय. २९ सप्टेंबर २०१९ रोजी दोन उद्याने व काही हॉटेले यांना जोडणारा 'स्कायलायनर' हा रज्जुमार्ग सुरू झाला. १९८२ नंतर तब्बल ३७ वर्षांनी उद्यानांना जोडणारा नवा स्वतंत्र मार्ग झाला. तो झाला यावरूनच हे सिद्ध होते की मधल्या काळात उणीव साधनांची नव्हती.

वृद्धत्व हा स्वतः दोष नव्हे. सिएटलच्या गाड्या १९६२ च्याच आहेत. परंतु त्या नगराने २००३ साली त्यांना ऐतिहासिक वारसा म्हणून मान्यता दिली व जुन्या वस्तूला जुनी म्हणूनच जपले. टोकियोच्या डिस्ने उद्यानांभोवती २००१ पासून जी मोनोरेल आहे ती कायद्याने रेल्वे मानली जाते, तिला तिकीट आहे, आणि २०२० पासून तेथे नव्या गाड्या येऊ लागल्या. पहिल्या ठिकाणी वस्तूचे वय मान्य केले, दुसऱ्या ठिकाणी तिचे कार्य. फ्लोरिडात ती वारसाही ठरली नाही आणि नूतनही झाली नाही. 'उद्या'चे चिन्ह म्हणून मात्र तिचा वापर चालूच आहे.

अलंकारशास्त्रात रूढा लक्षणा सांगितली आहे. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचे दर्भ तोडून आणणारा. आज हा अर्थ कोणाच्या मनात येत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. शब्दाला वाच्यार्थ विसरणे परवडते, कारण 'कुशल' माणसाकडे दर्भ मागायला कोणी जात नाही. वाहनाची गोष्ट निराळी आहे. मोनोरेलचा मूळ अर्थ कोणाच्या मनात उरला नसला तरी माणसे तिच्यात बसतच असतात. तिचे दार, तिचा सांधा आणि तिचा चालक हे सर्व वाच्यार्थाच्याच प्रदेशातले आहेत. नगररचनेला भाषा मानणाऱ्या समीक्षेने हा भेद ध्यानी ठेवला नाही, तर कंपनीची जाहिरात आणि समीक्षकाचे विवेचन यांत फारसे अंतर उरणार नाही. फ्लोरिडातील दिवा अद्याप जळत आहे आणि त्याच्या प्रकाशावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. तेल किती उरले, हे पाहणेही समीक्षेच्याच कक्षेतले आहे.