उंदरांचा संकर आणि स्थूलतेचे जनुक : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

स्थूलतेचे मूळ जनुकांत शोधण्याच्या इतिहासात उंदराचे स्थान मध्यवर्ती आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत सामान्य आईबापांपोटी काही अतिलठ्ठ पिल्ले जन्मली. संकराच्या नोंदींवरून हा दोष एकाच अप्रभावी जनुकाचा असल्याचे दिसले. पुढे डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण सामान्य उंदराशी जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे घटले. भूक आवरणारा काही घटक रक्तातून वाहतो व लठ्ठ उंदरात तोच तयार होत नाही, असे अनुमान त्यातून निघाले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी ते जनुक हस्तगत केले. त्याच्या संप्रेरकास लेप्टिन हे नाव मिळाले. चिकाटीने ठेवलेल्या वंशावळींचे हे फलित निःसंशय मोलाचे आहे.

मात्र माणसातील लेप्टिनचा जन्मजात अभाव अत्यंत विरळ आहे. सामान्य स्थूलतेमागे अनेक जनुके असतात व प्रत्येकाचा वाटा अल्प असतो. त्यांच्या शोधासाठी किमान वीस पिढ्या भावाबहिणींच्या संकरातून शुद्ध केलेले वाण वापरतात. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तींसारखे हे उंदीर परस्परांशी तंतोतंत जुळतात. कृश व स्थूल वाणांचा संकर करून नातवंडांच्या पिढीत वजनाचा गुणसूत्रांवरील खुणांशी मेळ घातला जातो. हाती लागतो तो बहुधा गुणसूत्राचा लांबलचक पट्टा. त्यात जनुके पुष्कळ. शिवाय पिंजरा एक, खाद्य एक. परिस्थिती स्थिर ठेवल्यामुळेच तेथे जनुक ठळक दिसते. तोच ठळकपणा रोह्याच्या बाजारपेठेतील माणसात गृहीत धरणे तर्कदुष्ट ठरेल.

याहून मूलगामी आक्षेप मापाविषयी आहे. अशा प्रयोगांत पुष्कळदा वजन हेच मुख्य माप असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने त्या मापालाच धक्का दिला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, तरीही कृश दिसणाऱ्या भारतीय बालकांत स्नायू कमी व चरबी तुलनेने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक व जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. एफटीओ या जनुकाचीही तीच कथा. २००७ मध्ये युरोपीय लोकांत त्याचा मधुमेहाशी संबंध वजनवाढीद्वारे दिसला. २००९ मध्ये याज्ञिक, गिरिराज चांडक व सहकाऱ्यांना भारतीयांत तो संबंध निर्देशांक हिशेबात घेऊनही उरलेला आढळला.

आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक व सहकाऱ्यांचा २०१५ मधील प्रयोग या संदर्भात अधिक बोलका वाटतो. त्यात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या मोठ्या उंदरांत मधुमेहप्रवणता वाढली आणि पुढील दोन पिढ्यांना पुरेसा आहार देऊनही ती ओसरली नाही. पिढ्यांची पैदास येथेही आहे. परंतु बदलली ती भूक, निवडलेले जनुक नव्हे. दुष्काळ व अर्धपोटी राबणूक यांचा इतिहास असलेल्या समाजाला हा उंदीर जवळचा आहे. पेण-रोह्याच्या खेड्यांतील आरोग्य शिबिरात केवळ वजन-उंची पाहून एखाद्या सडपातळ शेतमजुराला निर्धोक ठरविले, तर त्याच्या पोटावरील चरबी व रक्तातील साखर तपासायची राहूनच जाते.