समोर नसलेल्या माणसाचं बोलणं

उपनगरातल्या हौशी नाट्यमंडळींनी अगदी छोट्या नाटकांची संध्याकाळ करायची ठरवली, की दहा-दहा मिनिटांच्या संहितांची शोधाशोध सुरू होते. सिडनीत २००२ साली सुरू झालेल्या ‘शॉर्ट प्लस स्वीट’ महोत्सवाचा दाखला हमखास निघतो. याहून आखूड नाटक मराठीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, हे मात्र कुणाला चटकन आठवत नाही. पुण्यात शाळामास्तर असलेल्या शंकर काशीनाथ गर्गे यांनी, म्हणजे ‘दिवाकरां’नी, १९११ मध्ये पहिली नाट्यछटा लिहिली. अशा एकूण ५१ नाट्यछटा मागे ठेवून ते १९३१ मध्ये गेले. बहुतेक पाच मिनिटांच्या आत संपतात.

आज नाट्यछटा म्हटलं की शाळेची स्पर्धा डोळ्यांपुढे येते. भुवया उडवत, हातवारे करत बोलणारं मूल आणि पहिल्या रांगेत ओठ हलवणारी आई. मुलांनी नाट्यछटा जरूर कराव्यात. पण ‘पंत मेले – राव चढले’ या नुसत्या शीर्षकात एकाचं मरण आणि दुसऱ्याची बढती किती निर्विकारपणे शेजारी-शेजारी बसवली आहे! हे ज्याने कचेरीत तीस वर्षं काढून पाहिलंय, त्याच्या तोंडून ऐकायला हवं.

नाट्यछटा सुरू होते तीच मधून. कागदावर आधी टिंबं दिसतात, मग वाक्य. बोलणं आधीपासून चालू होतं, आपण दारातून उशिरा आत आलो, अशी भावना पहिल्याच शब्दाला होते. रंगमंचावर बोलणारा एकच, तरी हे स्वगत नाही. समोर कुणीतरी आहे. ते विचारतं, अडवतं, हसतं, आणि त्याचा एक शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या एकभाषितांवरून ही वाट दिवाकरांना सुचली, असं अभ्यासक सांगतात. दिवाकरांनी तिला पेठेतल्या घराचं, ओसरीचं, शाळेच्या वर्गाचं बोलणं दिलं. त्यातला माणूस तोंडाने एक बोलतो आणि त्याच दमात दुसरं करतो. त्याची फजिती त्याला कळत नाही, आपल्याला कळते.

नटाची खरी परीक्षा त्या टिंबांत आहे. कच्चा नट टिंबांपाशी थांबतो, मनात एक-दोन मोजतो आणि पुढचं वाक्य टाकतो. त्याने मोजलं, ऐकलं काहीच नाही, हे शेवटच्या रांगेतही कळतं. पक्का नट तिथे न लिहिलेलं वाक्य ऐकतो. समोरचा थोडक्यात बोलला तर थांबा छोटा. समोरच्याने टोमणा मारला तर थांबा संपण्याआधीच चेहरा बदललेला. पुष्कळदा उत्तराच्या सुरुवातीला समोरच्याचाच प्रश्न पुन्हा उच्चारलेला असतो. हा उच्चार प्रेक्षकाला माहिती पुरवण्याच्या सुरात आला, की नाट्यछटा मेली. तोच चिडून, लाजून किंवा वेळ काढण्यासाठी आला, तर नसलेला माणूस रंगमंचावर येऊन बसतो. नजरेची उंचीही तालमीत ठरवून टाकावी लागते. लहान मुलाशी बोलताना ती वीतभर चुकली, तर मुलाचा अचानक बाप्या होतो!

एकट्याने अवघी वस्ती उभी करण्याची ही विद्या उपनगराला परकी नाही. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या पुलंनी १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगवली. चाळ दिवाकरांच्या छटेहून किती तरी मोठी. पण न दिसणाऱ्या माणसांवर प्रेक्षकाचा विश्वास बसवण्याची कला तीच.

आणि इथल्या जगण्यालाही नाट्यछटा फार सोयीची आहे. एकांकिकेला आठ-दहा जण एका वेळी तालमीला हवेत. एकाची लोकल चुकली की सगळे खोळंबले. नाट्यछटेची तालीम सोसायटीच्या हॉलमध्ये रात्री साडेआठला दोघांत होते, एक बोलणारा आणि एक बसवणारा. तालमीत मी तर समोर खराच माणूस बसवीन. न लिहिलेली वाक्यं त्याला मोठ्याने बोलायला लावीन आणि प्रयोगाच्या आठवडाभर आधी उठवून नेईन.

संध्याकाळ आखताना मात्र मोह आवरावेत. दहा छटा पुष्कळ झाल्या. प्रत्येकीआधी निवेदकाने येऊन आशय समजावला, तर पाहायला उरतं काय? एक खुर्ची, एक ठोकळा आणि दोन छटांमध्ये श्वासभर काळोख एवढं पुरे. ‘चिंगी महिन्याची झाली नाही तोच’ आणि ‘फाटलेला पतंग’ लागोपाठ नकोत; घरगुती आवाजाच्या छटेनंतर रूपकाकडे वळायला कानाला थोडी उसंत हवी. दोन-तीन नव्या छटाही असाव्यात, लिफ्टमधल्या, फोनवरच्या. फोनवर बोलणारा माणूस म्हणजे जिवंत नाट्यछटाच, पण त्यात एक धोका आहे: फोन हातात आला, की नटाला समोर कुणाकडे पाहावं लागत नाही आणि नजर आळसावते.

जागा लहान घ्यावी. मुलुंडचं कालिदास किंवा बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही पूर्ण लांबीच्या नाटकांची घरं. तिथे पापणीची हालचाल पाचव्या रांगेपुढे जात नाही. जुहूच्या पृथ्वीसारखे तीन बाजूंनी बसलेले प्रेक्षक मिळाले तर उत्तम. मग न दिसणारा माणूस नटाला कुठल्या तरी प्रेक्षकाच्याच जागी बसवावा लागतो, आणि त्या खुर्चीतला प्रेक्षक उत्तर द्यायला सरसावतो.