संवाद की प्रतिसाद? : 'ग्लो' या नृत्यकृतीच्या निमित्ताने

नर्तकाच्या हालचालीनुसार रंगमंचावरील प्रकाश वा ध्वनी बदलावा, अशी योजना असलेल्या नृत्यप्रयोगांविषयी लिहिताना 'नर्तक आणि यंत्र यांचा संवाद' असा शब्दप्रयोग केला जातो. भाषेच्या अभ्यासकाला तो सहजासहजी मान्य होणार नाही. संज्ञेच्या सैलपणामुळे समीक्षेची दृष्टी कशी चुकते, हे मेलबर्नच्या 'चंकी मूव्ह' या नृत्यसंस्थेच्या 'ग्लो' (२००६) या कृतीवरून पाहता येईल.

गिडियन ओबर्झानेक यांनी रचलेल्या या अर्ध्या तासाहूनही लहान कृतीची संगणकीय बाजू फ्रीडर वाइस यांची आहे. जमिनीवर पांढरा पृष्ठभाग, त्यावर एकच नर्तकी आणि भोवती बसून खाली पाहणारे प्रेक्षक, एवढाच तिचा पसारा. वर टांगलेला कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहतो. त्यामुळे प्रक्षेपित चित्रे त्याला दिसत नाहीत, देह तेवढा दिसतो. त्या देहाच्या बाह्याकृतीवरून संगणक रेषा व छाया रचतो आणि प्रक्षेपक त्या तत्क्षणी नर्तकीभोवती उमटवतो. आधी चित्रित केलेली फीत असती, तर नर्तकीला तिच्या वेगाशी जुळवून घ्यावे लागले असते. येथे ती क्षणभर रेंगाळली, तर चित्रही तिच्यासाठी रेंगाळते. हे स्वातंत्र्य लहान नव्हे.

परंतु याला संवाद म्हणावे काय? संवादात ऐकणाऱ्याला गप्प राहण्याची, चुकीचा अर्थ लावण्याची, अनपेक्षित उत्तर देण्याची मुभा असते. कथकातील सवाल-जवाबात तबलावादक नर्तकाचा बोल उचलून तो वेगळ्या वळणाने परत करतो. 'ग्लो'मधील यंत्राला केवळ बाह्याकृती कळते. देह वेदनेने आखडला की भीतीने, हे कळत नाही. त्याचे उत्तर आधी लिहून ठेवलेल्या नियमांपलीकडे जात नाही. तेव्हा हा प्रतिसाद होय, संवाद नव्हे.

या दृष्टीने मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांच्या 'व्हेरिएशन्स फाइव्ह' (१९६५) या कृतीशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे रंगमंचावरील अँटेना व प्रकाशविद्युत घट नर्तकांच्या हालचाली टिपत; पण त्यातून कोणता ध्वनी ऐकू यावा, हे यंत्रांपाशी बसलेले वादक ठरवीत. साधने जुनी होती, तरी हालचाल आणि ध्वनी यांच्यामध्ये निवड करणारा माणूस उभा होता. संवादाची शक्यता तेथेच अधिक होती.

मग 'ग्लो'चे मोल कशात? नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर आहार्य अभिनय, म्हणजे वेषभूषादी साज, नट रंगमंचावर येण्यापूर्वीच सिद्ध झालेला असतो. येथे मात्र आहार्य हे आंगिकातून, प्रयोग चालू असतानाच, जन्म घेते. जेथे प्रकाशरेषा केवळ देहाची कड गिरवतात, तेथे त्यामागचा नियम प्रेक्षकाच्या ध्यानात लवकर येतो आणि कुतूहल ओसरते. उलट, काळ्या छाया देहापासून सुटून मागे राहतात आणि पुन्हा त्याच देहाकडे झेपावतात, तेव्हा स्वतःच्याच खुणांनी पछाडलेली व्यक्ती आपल्यासमोर उभी राहते. यंत्राला याची जाणीव नसते. अर्थ नर्तकी निर्माण करते आणि प्रेक्षक तो पूर्ण करतो.

म्हणून अशा प्रयोगांना 'संवादी' न म्हणता 'प्रतिसादी' म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. हा केवळ शब्दाचा आग्रह नाही. यंत्राला संवादाचे श्रेय दिले, की ज्या देहाने तो अर्थ कष्टाने घडविला, त्याचे श्रेय नकळत कमी होते.